जिंकणारी यादी उतरवली तर काय पाप केलं?

साठपत्ती:
परवा मगरवाला यांनी पोकेमॉन कार्डांच्या खेळातल्या डेकबद्दल (म्हणजे खेळाडूचा साठ कार्डांचा गठ्ठा) जे लिहिलं ते जसंच्या तसं देतो, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" नको. "नेटवरची यादी उतरवून स्पर्धा जिंकणं म्हणजे फुटलेला पेपर हातात घेऊन पहिला येणं. डेक स्वतःला बांधता येत नसेल तर सापशिडी खेळा."

दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

पहिली गोष्ट, हा पेपर फुटलेला नाही, छापलेला आहे. मोठी स्पर्धा संपली की वरच्या खेळाडूंच्या याद्या जाहीर होतात, त्या कुणीही वाचाव्यात म्हणूनच. पोकेमॉनवाले स्वतः २००४ पासून जगज्जेत्यांचे डेक छापून विकतात. कार्डांची मागची बाजू वेगळी असते, त्यामुळे ते स्पर्धेत चालत नाहीत, पण यादी तीच, साठच्या साठ. आता कंपनीलाही सापशिडी खेळायला पाठवणार का?

दुसरी गोष्ट जरा लाजिरवाणी आहे, पण सांगतो. माझा पहिला डेक म्हणजे उतरवलेला चारिझार्ड एक्स. उतरवताना मला वाटलं, आपल्यालाही थोडी अक्कल आहे. चौथा नेस्ट बॉल (डेकमधून बेसिक, म्हणजे थेट खाली ठेवता येणारा पोकेमॉन आणणारं कार्ड) काढला, एक बॉसेस ऑर्डर्स काढलं आणि त्या जागी आणखी दोन चारिझार्ड घातले, कारण चारिझार्ड भारी. पहिल्याच फेरीत हातात तीन चारिझार्ड, बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, चार्मँडर एकच (त्याचाच पुढे चारिझार्ड होतो), आणि तोही समोरच्याने उचलला. तेव्हा कळलं की चौथा नेस्ट बॉल तिथे शोभेला नव्हता.

तिसऱ्या फेरीत तर कहरच. माझा पिजॉट एक्स बसलेला, त्याच्या क्विक सर्च या शक्तीने डेकमधलं हवं ते कार्ड घेता येतं. मी डेक हातात घेऊन प्राइम कॅचर शोधतोय. एकदा पालथा घातला, दोनदा घातला, तिसऱ्यांदा एकेक कार्ड मोजत गेलो. समोरचा मुलगा आधी घड्याळाकडे बघत होता, मग माझ्याकडे बघून हसायला लागला. कार्ड प्राइझमध्ये, म्हणजे सुरुवातीलाच बाजूला पालथ्या ठेवलेल्या सहा कार्डांत, पडलेलं. एकच प्रत असलेलं कार्ड सहा प्राइझांत जाण्याची शक्यता साठात सहा, म्हणजे सरळ १० टक्के. पहिल्यांदा डेक हातात येतो तेव्हाच मोजून घ्यायचं असतं की काय काय गायब आहे. हे यादीत लिहिलेलं नसतं. यादी उतरवली म्हणून हरलो नाही, वाचता आली नाही म्हणून हरलो.

आणि मगरसाहेब, तुम्ही अभिमानाने टाकलेली तुमची यादी मी मोजली. आठ बेसिक! सात कार्डं उचलल्यावर त्यात एकही बेसिक नसण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के. म्हणजे दर तिसऱ्या डावाला तुम्ही हात उघडा करून दाखवणार, पुन्हा पिसणार आणि समोरच्याला एक जादा कार्ड फुकट देणार. बारा बेसिक ठेवले की हेच १९ टक्क्यांवर येतं. याला स्वतंत्र विचार म्हणत नाहीत, दानधर्म म्हणतात.

मगरवाला:
वा. माझी यादी मोजायला वेळ मिळाला, माझी पोस्ट नीट वाचायला नाही मिळाला.

मी म्हणालो ते जिंकण्याबद्दल नव्हतं, खेळण्याबद्दल होतं. गेल्या महिन्यात रविवारी सहा फेऱ्या खेळलो. चार ड्रॅगापल्ट! त्याचा तोच हल्ला, फँटम डाइव्ह: समोर २०० चं नुकसान, बेंचवर सहा काउंटर (एक काउंटर म्हणजे दहाचं नुकसान). तिसऱ्या फेरीपर्यंत मला समोरच्याच्या हातातलं पुढचं कार्ड सांगता येत होतं. एकाला विचारलं, "अमुक कार्ड एकच का ठेवलंस?" तर म्हणे, "यादीत एकच होतं." हा खेळाडू की झेरॉक्सचं दुकान?

आणि २०२४ चं होनोलुलु विसरलात वाटतं. फर्नांडो सिफुएंतेस, चिलीचा पोरगा, आयर्न थॉर्न्स एक्स घेऊन जगज्जेता झाला. सगळे ज्याच्या मागे धावत होते तो डेक नव्हता तो. तोही तुमच्यासारखा यादी उतरवत बसला असता तर?

फेरालिगेटर, तो मगरीसारखा पोकेमॉन, माझा लहानपणापासूनचा आहे. अंगावर पाच काउंटर घेऊन १२० जादा मारतो. स्वतःचं रक्त सांडून मारणारा प्राणी तुमच्या चारिझार्डला काय कळणार.

साठपत्ती:
आयर्न थॉर्न्स सिफुएंतेसने परसात पिकवला नव्हता, आधीपासून लोक खेळत होते. तो समोर उभा असेपर्यंत नावात एक्स किंवा व्ही असलेल्यांच्या ॲबिलिटी, म्हणजे खास शक्ती, बंद. पिजॉट बंद, चारिझार्ड बंद. सगळे काय आणणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने ते निवडलं. आणि सगळे काय आणणार हे कळतं कशावरून? याद्या वाचून! तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं निघालं, धन्यवाद.

बुद्धिबळात सिसिलियन ही ठरलेली सुरुवात खेळणाऱ्याला कुणी कॉपीबहाद्दर म्हणतं का?

ठाण्याची_पिकाची:
बुद्धिबळाचा पट दोनशे रुपयांना येतो आणि दर वर्षी उंट बाद होत नाहीत.

मी २०२५ च्या फेब्रुवारीत, कुणाच्या तरी यादीवर विश्वास ठेवून, रेडियंट ग्रेनिंजा आणि फॉरेस्ट सील स्टोन ही कार्डं घेतली. एप्रिलमध्ये कोपऱ्यात एफ अक्षर असलेली कार्डं स्पर्धेतून बाद. दोन्ही आता अल्बममध्ये बसून माझ्याकडे बघतात. यादी उतरवणाऱ्यांनो, निदान कार्डाच्या कोपऱ्यातलं अक्षर बघून उतरवा.

ओसाकाकर:
रोटेशनची, म्हणजे जुनी कार्डं बाद होण्याची, तारीख आधीच जाहीर झालेली असते हो ताई.

ठाण्याची_पिकाची:
माहीत आहे. मी चूक केली हे मला दुसऱ्याने सांगायची गरज नाही, दादा. आणि आता विषय निघालाच आहे तर, मगरवाल्यांचे तीन-तीन स्टेज टूवाले (दोनदा रूप बदलणाऱ्या पोकेमॉनचे) डेक आज चालणारच नाहीत. बडू! जेमतेम ३० एचपीची (जीवाची) ती कळी पहिल्याच वेळी समोर येऊन बसते, एनर्जीसुद्धा लागत नाही, दहाचं नुकसान करते आणि पुढच्या पाळीला तुमचे आयटम बंद. हातात रेअर कँडी (बेसिकवरून थेट स्टेज टूवर नेणारं आयटम कार्ड) असून नुसतं बघत बसायचं. ज्याने हे कार्ड बनवलं त्याच्या घरी कुणी कधी दार उघडू नये.

बाबा_ईशानचे:
मधेच बोलतोय, माफ करा. तुमच्या उतरवलेल्या आणि न उतरवलेल्या याद्या राहू द्या बाजूला, आम्ही तर दारातूनच परत आलो.

मुलगा नऊ वर्षांचा. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून त्याने खाऊचे पैसे साठवून सोनेरी कार्डांचा डबा घेतला, पंचावन्न कार्डांचा. त्यातून आणि चुलतभावाकडच्या जुन्या कार्डांतून साठ जुळवली. स्वतः! कुठेही बघून नाही. मगरवाले खूश होतील. एका दुकानात रविवारी खेळ असतो असं कळलं म्हणून घेऊन गेलो. तिथल्या एका मोठ्या मुलाने डेक हातात घेतला, दोन कार्डं बघितली, म्हणाला "अंकल, हे सगळं नकली आहे." इथवर ठीक. मग म्हणाला "दाखवतो", आणि एक कार्ड मधोमध फाडलं. "बघा, आत काळा थर नाही."

ईशान रडला नाही. मला वाटतं रडला असता तर बरं झालं असतं.

नियमपुस्तक:
वाईट वाटलं, पण माहिती चूक नाही. खऱ्या कार्डाच्या कागदात मधे गडद थर असतो, उजेडासमोर धरलं तरी प्रकाश फारसा आरपार येत नाही. नकली धरलं तर पलीकडची बोटं दिसतात. ती सोनेरी कार्डं तर प्लॅस्टिकची, जाडी वेगळी. स्लीव्हमध्ये (कार्डाच्या पाकिटात) घातली तरी पिसताना बोटाला कळतात, म्हणजे कुठलं कार्ड वर आहे हे न बघता कळतं. म्हणून चालत नाहीत. कुणी दुष्टपणा केलेला नाही.

बाबा_ईशानचे:
नऊ वर्षांच्या पोराच्या हातातलं कार्ड घेऊन फाडायचं आणि वर दुष्टपणा नाही म्हणायचं?

नियमपुस्तक:
मी फाडण्याचं समर्थन कुठे केलं? नियम सांगितला. त्याने विचारून फाडलं असेल तर.

ठाण्याची_पिकाची:
कुणाला विचारून? नऊ वर्षांच्या मुलाला? "बाळ, फाडू का?" तुम्ही कधी लहान मुलाशी बोललाय का हो? उजेडात धरून दाखवता येतं हे तुम्हीच वर लिहिलंय. मग फाडलं कशाला? मोठेपणा दाखवायला! या खेळात मला हाच प्रकार जास्त दिसतो, नवीन माणूस आला की त्याला आधी लहान करायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला "कुणाबरोबर आलात?" असं विचारलं होतं. स्वतःबरोबर आले होते, स्वतःचा डेक घेऊन. त्याच माणसाला दुसऱ्या फेरीत हरवलं.

शून्यनाणं:
नकली कार्डांना इतकं नाक मुरडू नका. आम्ही चौघे मित्र साताऱ्यात दोन वर्षं घरच्या प्रिंटवर सराव करतोय. कागदावर छापायचं, मागे जुनी एनर्जी, वर स्लीव्ह. चार मोठे डेक खरे घ्यायचे तर बाइकचा हप्ता थकेल. कंपनीने जगज्जेत्यांचा डेक वेगळ्या पाठीने छापला तर ते स्मरणिका, आणि आम्ही छापला तर चोरी?

नियमपुस्तक:
घरी काहीही करा. स्पर्धेत नको एवढंच. आणि शाळेसमोरची सोनेरी कार्डं हा वेगळा धंदा आहे. तुमची प्रिंट बघून कुणी फसत नाही, तिथे मुलांना खरं म्हणून विकतात.

शून्यनाणं:
"घरी काहीही करा", ही परवानगी दिल्याबद्दल आभारी आहे.

ओसाकाकर:
सरावाला फुकटचं पोकेमॉन टीसीजी लाइव्ह आहे की फोनवर. प्रिंटचा कागद कशाला वाया घालवायचा?

शून्यनाणं:
समोर बसलेल्या मित्राचा चेहरा फोनवर दिसत नाही. आयोनो हे कार्ड खेळल्यावर त्याच्या हातातली आठ कार्डं जाऊन एकच उरतं, तेव्हाचा चेहरा. मी तेवढ्यासाठीच खेळतो.

मगरवाला:
विषय माझ्या यादीवरून कुठल्या कुठे गेला. पण ईशानच्या बाबांना एक सांगायचंय. मी वर जे तावातावाने लिहिलं ते तुमच्या मुलाला लागू होत नाही. त्याची कार्डं खोटी असतील, पण डेक त्याने खरा बांधला. इथल्या निम्म्या लोकांचं उलटं आहे.

साठपत्ती:
टोमणा पोचला. पण भावनेने नऊ वर्षांच्या मुलाचा डेक चालत नाही. बाबा, तुमच्याकडे आता खरी कार्डं किती आहेत? आणि तयार लीग बॅटल डेक मिळतोय का बघा, ड्रॅगापल्टचा वगैरे. साठ खरी कार्डं एकदम हातात येतात आणि पहिल्या दिवसापासून खेळता येतं. घेण्याआधी कोपऱ्यातली अक्षरं तेवढी तपासा, पिकाचीताईंचा शाप लागायचा.

मगरवाला:
म्हणजे पुन्हा दुसऱ्याची यादी.

साठपत्ती:
हो. पुन्हा दुसऱ्याची यादी. वीस डाव खेळू दे, मग त्यातलं काय काढायचं ते त्याचं तोच सांगेल. तुम्ही सांगा, तुमचा पहिला डेक कुठला होता?

मगरवाला:
...तयार डबा. पण मी तो आठवड्यात मोडला.

साठपत्ती:
मोडायला आधी होता ना.

मगरवाला:
बरं, बेसिक अकरा केले. एक एनर्जी आणि दोन फालतू कार्डं काढली. काल दहा डावांत मलिगन (बेसिक नसल्याने पुन्हा पिसणं) दोनदाच. गणितापुढे वाकलो आहे, तुमच्यापुढे नाही, नोंद घ्यावी. आणि अकराच. बारा करणार नाही.

साठपत्ती:
दहा डावांवरून काही सिद्ध होत नाही. पण नोंद घेतली.

ठाण्याची_पिकाची:
त्या दहांत बडू किती वेळा भेटली ते पण लिहा की.

मगरवाला:
तीनदा. तिन्ही हरलो. पुढचा प्रश्न.

बाबा_ईशानचे:
साठपत्ती, खरी कार्डं मोजली, बावीस निघाली. त्यात एक फेरालिगेटर आहे, तो काढायचा नाही असं आधीच सांगून टाकलंय त्याने. मागून विचारतोय, फाडलेलं कार्ड टेप लावून चालेल का?

नियमपुस्तक:
स्पर्धेत नाही. घरी चालेल.

मगरवाला:
फेरालिगेटर कुठला आहे? फोटो टाका. टोटोडाइल, म्हणजे त्याचा बेसिक, आहे का खाली? माझ्याकडे चार जादा आहेत, पाठवतो.