मत्तय २४:१४ : सुवार्ता सांगून झाली की शेवट येतो?

नगरी_सभासद
रविवारी बायबलातल्या मत्तय २४:१४ वर उपदेश झाला. राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांना साक्ष म्हणून जगभर गाजवली जाईल, मग शेवट होईल. पाळकसाहेबांचा सूर असा, की अमुक जमाती राहिल्या, तमुक भाषा राहिल्या, तेवढ्या उरकल्या की प्रभू आलाच.

मला २०१८ सालचा जॉन चाऊ आठवला. अंदमानच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर जायला बंदी आहे, बाहेरच्यांपासून दूर राहणाऱ्या तिथल्या आदिवासींच्या जिवावर आपल्या अंगावरचा साधा फ्लूसुद्धा बेतू शकतो. तरी हा २६ वर्षांचा अमेरिकन कोळ्यांना पैसे देऊन सुवार्ता सांगायला गेला आणि परत आलाच नाही. लिहून ठेवलेल्यात प्रकटीकरण ७:९ चा दाखला होता : सिंहासनासमोर सर्व भाषांचे लोक. त्याची कळकळ खरी असेलही. पण समोरचा माणूस यादीतलं शेवटचं रिकामं नाव झाला, की त्याच्या जिवाची फिकीर कोण करणार? वचनात ‘साक्ष’ आहे, वेळापत्रक नाही.

जागृत_राहा
दादा, एका चाऊवरून सगळ्यांना तोलू नका. २ पेत्र ३:१२ वाचा, देवाचा दिवस लवकर यावा म्हणून झटायलाच सांगितलंय. आणि बंदीचं म्हणाल, तर १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांनाही चालते व्हा म्हणून सांगितलं होतं. ते निमूट परतले असते, तर नगरच्या ज्या मंडळीत तुम्ही बसता ती असती का?

वसईचा_वारा
आम्ही कॅथलिक मिस्साबलिदानात दर रविवारी म्हणतो, तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल. म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जाणार, मग महासंकट, हा शेवटच्या काळाचा तक्ता जॉन डार्बी या धर्मोपदेशकाने १८३० च्या सुमारास मांडला. त्याआधीची अठराशे वर्षं मंडळी काय झोपली होती?

जागृत_राहा
विश्वासणारे ढगांत उचलले जातील, हे १ थेस्सलनीका ४:१७ मध्ये आहे. ते डार्बीने लिहिलं नाही.

वसईचा_वारा
नाही. पण त्याच थेस्सलनीकाकरांना पौलाने दुसऱ्या पत्रात बजावलंय, काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. तेही वाचा.

संशयात्मा
मी कुठल्याच देवळातला नाही. २१ मे २०११ ला न्यायाचा दिवस म्हणून हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओ-प्रचारकाने अमेरिकेत मोठमोठे फलक लावले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी मटणाच्या रांगेत. मग त्याने २१ ऑक्टोबर सांगितली. पुढच्या वर्षी चूक कबूल केली. ज्यांनी साठवलेले पैसे त्या जाहिरातींत घातले त्यांचं काय?

औंधवाली
हसा, आम्हाला सवय आहे. मी ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे प्रभूच्या पुन्हा येण्याची वाट पाहणाऱ्या पंथातली. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या अनुयायांनी दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांवरून प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती, काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. प्रभू आला नाही. त्या निराशेतून सावरलेल्यांतल्या काहींनी १८६३ मध्ये आमचा पंथ उभा केला. तारीख काढणं सोडलं, वाट पाहणं नाही. शाळा काढल्या, दवाखाने काढले. पुण्यात औंधला असलेल्या आमच्या स्पायसर विद्यापीठाच्या बेकरीतला ब्रेड खाताना किती पुणेकरांना ठाऊक असतं, की हे लोक जगाच्या शेवटाची वाट पाहताहेत?

नगरी_सभासद
ताई, हे आवडलं. जागृतभाऊ, हॉलसाहेबांचा मुद्दा मात्र मला लागला. फरक एवढाच दिसतो, की ते १३ वर्षं राहिले, मराठी शिकले, शाळा चालवल्या आणि १८२६ मध्ये फिरतीवर असताना पटकीने गेले. ज्यांना सांगायचं त्यांच्यात राहून त्यांनी सांगितलं. आणि ते ऐकणारा ‘नको’ म्हणून उठून जाऊ शकत होता.

जागृत_राहा
सेंटिनेलच्या लोकांनीही बाण मारून ‘नको’च म्हटलं, हे मान्य. मग त्यांना सुवार्ता कधीच नाही?

नगरी_सभासद
याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर तेही गप्प झाले.