पीसी चालूच होईना, मदत हवी आहे

मंडळी, इकडं परभणीत परवा वादळात लाईट सारखी ये-जा करायली होती, तवापासून डेस्कटॉप चालूच होईना, बटन दाबलं की प्रोसेसरचा फॅन अर्धा गोल फिरतो अन् गप, बीप नाही काही नाही. रॅम खोडरबरनं घासून बसवली, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटन सेल नवा टाकला, फरक शून्य. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बाहेर काढून, नुसता तोच चालू करून बघायला हिरवी वायर काळीला जोडली तर त्याचा फॅन मस्त फिरतो, पण लोड आल्यावर दम टाकत असंल का? अन् मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी नळकांडी) वरून जरा फुगल्यासारखे दिसायलेत. दुकानवाला न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणतो, त्याला काय, नवा विकायचाय. मल्टीमीटर आहे घरी, पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट बोर्डला जोडून मोजू का सुटे? अन् आधी बदलू काय, एसएमपीएस का कपॅसिटर?