गळ्यावर समोर गाठ, थायरॉईड नॉर्मल. ठाण्यात कुणाला दाखवू?

खारेगावकर:
गळ्यावर समोरच बोराएवढी गाठ आहे. दुखत नाही. टीएसएच (थायरॉईड ग्रंथीची रक्ततपासणी) नॉर्मल आला. डॉक्टर नुसतं "सर्जनला दाखवा" म्हणतात. ठाणे-कळव्यातला चांगला सर्जन सुचवा, लवकर. घरात सगळे घाबरलेत.

नौपाड्याची शमा:
गाठ कुणाला? वय किती? मधोमध की बाजूला? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

कोपरी_पूर्व:
टीएसएच नॉर्मल म्हणजे थायरॉईडचा प्रश्न मिटला. आमच्या वहिनींना अशीच गाठ होती, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, गेली. सुई घालून तपासा.

नौपाड्याची शमा:
मिटला कसा? थायरॉईडमध्ये गाठ असूनही टीएसएच नॉर्मल येतो. आणि टीबीच्या गाठी बहुतेक वेळा मानेच्या बाजूला येतात. वहिनींची कुठे होती?

कोपरी_पूर्व:
कानाखाली. पण टीबी कुठेही होतो, ताई.

ऐरोली७:
मीठ आयोडीनचं वापरा.

खारेगावकर:
आयोडीनचंच आहे हो. गाठ मुलाला आहे, वय ७. हनुवटीखाली, गळ्याच्या मधोमध. पावसाळ्यात सर्दी झाली तेव्हा लाल होऊन सुजली, एका दवाखान्यात चीर देऊन पू काढला. आता परत भरली.

पाचपाखाडी_वाचक:
अहो, हे आधी सांगायचं ना! माझ्या लेकीचं अगदी हेच. त्याला तोंड उघडं ठेवून जीभ बाहेर काढायला सांगा आणि गाठीवर बोट ठेवा. वर ओढली गेली तर बहुधा थायरोग्लोसल सिस्ट, म्हणजे द्रव भरलेली जन्मजात पिशवी. गर्भात थायरॉईड जिभेच्या मुळापासून खाली गळ्यात उतरते, ती वाट बुजायची राहून जाते. म्हणून नुसती चीर दिली की पुन्हा भरते. सिस्ट्रंक ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर हायॉइड म्हणजे जिभेच्या मुळाखालच्या छोट्या हाडाचा मधला तुकडाही काढतात. हाड काढणार म्हटल्यावर सासूबाई रडायला लागल्या, पण लेक दुसऱ्या दिवशी मऊ भात खात होती.
त्याआधी सोनोग्राफीत थायरॉईड आपल्या जागी आहे ना, हे बघाच. क्वचित ती गाठ हीच मुलाची एकमेव थायरॉईड असते. काढली तर जन्मभर गोळी.

ऐरोली७:
होमिओपॅथीने गाठी विरघळतात.

नौपाड्याची शमा:
होमिओपॅथीने अशी गाठ विरघळत नाही. पू झालेल्या गाठीवर प्रयोग नकोत. जिभेबरोबर हलली नाही तर डर्मॉइडही (त्वचेखालची जन्मजात गाठ) असू शकते. पीडियाट्रिक, म्हणजे लहान मुलांचा सर्जनच गाठा.

कोपरी_पूर्व:
परळला लहान मुलांच्या वाडिया हॉस्पिटलात न्या. सकाळी कळव्याला गाडीत शिरता येत नाही, ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडा.

खारेगावकर:
जिभेबरोबर वर जाते! सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फक्त "सिस्टिक स्वेलिंग" लिहिलंय. थायरॉईडचं काहीच नाही.

पाचपाखाडी_वाचक:
मग सेंटरला आजच फोन करा, थायरॉईडचे दोन्ही लोब (डावा-उजवा भाग) बघितले का विचारा. नसतील तर पुन्हा करून घ्या. तोवर कुणालाही चीर देऊ देऊ नका.