विजयनगरमधला रविवारचा ब्रंच: तीन हजार रुपये नक्की कशाचे?

सुदामानगरची काकू

गेल्या रविवारी मुलगा आणि सून आम्हा दोघांना आपल्या इंदूरच्या विजयनगरमधल्या एका नव्या कॅफेत ब्रंचला घेऊन गेले. माझा वाढदिवस होता, मुलांनी हौसेनं नेलं, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते ताटात आलं त्याबद्दल. हल्ली ओळखीतल्या किती घरांचा रविवार तिकडे जातोय, म्हणून इथं मांडते, तुम्हीही खाली आपापलं मत लिहा.

मेनूत ‘इंदोरी पोहा बाउल’ दिसला, 280 रुपये. मागवला. काळ्या वाडग्यात पोहे, वर कसलीशी कोवळी हिरवी पानं, डाळिंबाचे सहा दाणे आणि शेव वेगळ्या इवल्याशा वाटीत. पोहे गार आणि कोरडे, घशाखाली उतरेनात. जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला, मागितलं तर वाढणारा मुलगा आत विचारून आला आणि ओरेगॅनोची पुडी ठेवून गेला. इंदुरात जिरावण मिळू नये!

आमच्या कोपऱ्यावरचा पोहेवाला खाली पाण्याचं पातेलं उकळत ठेवतो, त्यावर पोह्यांची परात. त्या वाफेवर पोहे दुपारपर्यंत मऊ राहतात. तेल बेताचं, आत बडीशेप, वर शेव, कांदा, लिंबू आणि शेवटी जिरावणाची चिमूट. लाखांचं कॉफीचं मशीन बसवणाऱ्यांना एक पातेलं ठेवता येऊ नये?

बिल असं: चौघांचं खाणं 2600, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 260, मग सगळ्यावर 5 टक्के जीएसटी 143. एकूण 3003 रुपये. एवढे पैसे मोजून आपलाच पदार्थ बिघडवून खायचा असेल तर तिकडे जाऊच नये. सकाळी छप्पन दुकानची खाऊगल्ली, रात्री सराफ्याची, आपल्या शहराला एवढं पुरे आहे.

अन्नपूर्णा रोड

काकू, वाढदिवसाच्या शुभेच्छा. पोह्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. बाकी मात्र मला अजिबात पटलं नाही.

सराफ्याबद्दल सगळेच भक्तिभावानं बोलतात. मलाही तो आवडतो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती मिटली की त्यांच्या ओट्यांपुढं कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, वाफेवरची साबुदाणा खिचडी, सगळं खरं. पण ती गर्दी रात्री दहाच्या पुढची. माझ्या सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कीसाचा द्रोण धरून उभं कुठं राहायचं? मागून धक्का आला तर? मुलगी दीड वर्षाची असताना मी एकदा तिला कडेवर घेऊन गेले होते. गरम गराडू खाताही आला नाही आणि टाकवेनाही.

आणखी एक विचारते. तुमच्या घरी रविवारी सकाळी पोहे कोण करतं? आमच्याकडे मी करते. आठ जणांचे, दोन घाण्यांत, कारण सगळे एका वेळी उठत नाहीत. महिन्यातून एका रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी अकरा वाजता कॅफेत जाऊन बसतो, दोनला उठतो. मधे कोणी हाक मारत नाही, गॅसवर दूध नसतं. माझे सातशे रुपये त्या खुर्चीचे असतात. टोस्ट कसा होता हे मला घरी आल्यावर आठवतही नाही.

बिल वाचून देतो

काकू, ते 260 रुपये द्यायला तुम्ही बांधील नव्हता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला स्पष्ट केलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या कुठल्या नावानंही घेता येत नाही आणि तो खाण्याच्या रकमेत मिळवून एकूणावर जीएसटीही आकारता येत नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, दिल्ली हायकोर्टानं 28 मार्च 2025 ला प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. 2600 वर जीएसटी 130 होतो, म्हणजे तुमचं बिल 2730. काउंटरवर शांतपणे ‘हे काढा’ म्हणायचं. नाही काढलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

स्नेहलतागंज

ब्रंच हे आजकालच्या कॅफेवाल्यांनी काढलेलं खूळ आहे असं समजू नका. गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं 1895 मध्येच त्याची बाजू मांडणारा लेख लिहिला होता. रविवारी चर्चहून आल्यावरच्या जड जेवणाऐवजी उशिरा, हलकं आणि गप्पा मारत खावं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी अकराला भरपेट पोहे खाऊन जेवण तीनवर ढकलणारी घरं काय कमी आहेत?

सहा वर्षं किचनमध्ये

मी अशाच एका कॅफेच्या किचनमध्ये काम करतो, म्हणून आतली बाजू सांगतो. पोह्याच्या गाडीवर माणूस पाच-सात मिनिटांत खाऊन जातो. आमच्याकडे रविवारी साडेअकरा ते दीडमध्ये सगळी टेबलं एकदम भरतात आणि एक टेबल दोन-अडीच तास उठत नाही. उठावं असंही आम्ही म्हणत नाही, त्यासाठीच लोक येतात. पण भाडं, एसी, वाढणारी पोरं, भांडी घासणारी मावशी, सगळं त्या एका टेबलाच्या बिलातून निघायचं असतं.

अंड्यांवर घालायचा हॉलंडेज सॉस बघा. अंड्याचा बलक आणि लोणी मंद आचेवर घोटायचं. आच जरा वाढली की फुटतो, पुन्हा करा. करून तासन् तास ठेवता येत नाही. गर्दीत एक माणूस नुसता त्यालाच जुंपलेला असतो. ही मेहनत 280 च्या पोह्यात नसते, हेही कबूल करतो. आमचे पोहे सकाळी भिजवून डब्यात भरतात आणि ऑर्डर आली की मायक्रोवेव्हमध्ये फिरवतात, म्हणून टणक होतात. मी वाफेवर ठेवू म्हणालो होतो. ओट्यावर जागा नाही, असं उत्तर मिळालं.

सर्व्हिस चार्जबद्दल: आधीच्या ठिकाणी त्यातला एक रुपया माझ्या हाती आला नाही. द्यायचं असेल तर वाढणाऱ्या मुलाच्या हातात द्या.

मल्हारगंजचा जुना

बसायचा प्रश्न असेल तर छप्पनला बसा की. 2020 मध्ये त्याचं रूप पालटलं, समोरची वाहनं बंद झाली, बाकं आली.

अन्नपूर्णा रोड

दादा, मे महिन्यात दुपारी बारा वाजता सासूबाईंना त्या बाकावर बसवून बघा, मग बोलू.

सुदामानगरची काकू

सगळ्यांचं वाचलं. अन्नपूर्णा रोडच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मीच करते, 31 वर्षं. त्या रविवारी केले नाहीत, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. आमचे हे खुर्चीला पाठ टेकून दोन तास सुनेशी बोलत बसले होते. घरी ते तिच्याशी चार वाक्यांच्या पुढं जात नाहीत. ते दोन तास मी माझ्या हिशेबात धरलेच नव्हते.

पोह्यांबद्दल मात्र माघार नाही. किचनमधल्या दादांनी सांगितलं, पातेल्याला जागा नाही. मग मेनूतून ‘इंदोरी’ शब्द काढा. बाहेरगावचा माणूस ते खाऊन आपले पोहे असेच असतात असं समजून जाईल, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पुढच्या वेळी मी जाईन, कॉफी आणि अंडी मागवीन, 260 काढायला सांगीन आणि वाढणाऱ्या मुलाला पन्नास रुपये हातात देईन.

सहा वर्षं किचनमध्ये

काकू, जिरावणाची डबी मी उद्यापासून घरून नेतो. तेवढं माझ्या हातात आहे.