इतके गुळगुळीत स्लिप गेज, मग सरकवायला जोर का लागतो?

अंबड_अप्रेंटिस
टूल रूममध्ये लागून चार महिने झाले. काल दोन स्लिप गेज (मापं तपासायचे अचूक जाडीचे ठोकळे) पुसून एकमेकांवर सरकवून जोडले. उलटे धरले तरी पडेनात, आणि सोडवताना अंगठे दुखले. आयटीआयमध्ये शिकलो की पृष्ठभाग जेवढा गुळगुळीत तेवढं घर्षण कमी. इथे उलटंच दिसतंय. मग कुलूप सहज फिरावं म्हणून घालतात ते ग्रॅफाइट कसं सरकतं?

नाशिकरोडकर
मधली हवा निघून जाते, बाहेरची दाबते. एवढंच.

सातपूरचा_फिटर
हवेचा वाटा आहे, पण थोडा. निर्वातातही गेज चिकटलेलेच राहतात.

अरे बाळा, 31 वर्षं हे गेज हाताळले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साधे दोन लोखंडी तुकडे टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. वजन वाढलं की टोकं चेपतात, खरी टेकणारी जागा वाढते, म्हणून घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं. आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1699 मध्ये मांडलेला नियम असा उलगडतो. लॅप केलेल्या, म्हणजे बारीक पूड लावून घासून सपाट केलेल्या गेजवर उंचवटेच इतके बुटके की दोन्ही पृष्ठभाग नॅनोमीटरच्या हिशेबात जवळ येतात. मग रेणूंचं आकर्षण आणि तेल-ओलाव्याचा पातळ थर त्यांना धरून ठेवतात. वरून वजन नसलं तरी हे आकर्षणच दाबाचं काम करतं.

ग्रॅफाइटचे थर मुळात एकमेकांना सैल धरलेले. पण खरी गंमत पुढे आहे. 1987 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी टंगस्टनची सुई ग्रॅफाइटवरून ओढली. ती अडकत-सुटत गेली, आणि प्रत्येक हिसका अणुरचनेच्या एका घराएवढा, साधारण 0.25 नॅनोमीटर! 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधक गटाने ग्रॅफाइटवर ग्रॅफाइटचाच कपटा वळवून पाहिला. रचना जुळली की घर्षण जास्त, थोडी वळवली की जवळपास नाहीसं, 60 अंशांवर पुन्हा जास्त. शेडचे पन्हळी पत्रे आठव. पन्हळीत पन्हळ बसली की आडवं सरकवताना सगळ्या एकदम चढवाव्या लागतात. पत्रा तिरका ठेवला की बसतच नाही. म्हणजे नुसता गुळगुळीतपणा नाही, जुळणीही बघायची.

आणि गेज ओढून काढू नकोस, सरकवत वळवून काढ. रात्रभर जोडलेले तर मुळीच ठेवू नकोस.

अंबड_अप्रेंटिस
काका, काल एक जोडी तशीच पेटीत ठेवून आलोय. उद्या सात वाजता पहिलं तेच काम.