फास्ट चार्जर सगळ्या ब्रँडच्या गाड्यांना खुले असावेत का?

किरणशलाका:
माझं मत, असावेतच. चार्जर कोणत्याही कंपनीने उभारलेला असो, पेट्रोल पंपावर कुणी गाडीचा ब्रँड विचारत नाही. टेस्लाने नोव्हेंबर 2021 मध्ये नेदरलँड्समधले काही सुपरचार्जर, म्हणजे तिचे फास्ट चार्जर, इतर कंपन्यांच्या विजेवरच्या गाड्यांना वापरू दिले. पुढच्या वर्षी आपल्या प्लगची रचना जाहीर केली आणि 2023 मध्ये फोर्ड, जनरल मोटर्सनी ती स्वीकारली. म्हणजे अडत होतं ते इच्छेपाशी.

विजेरी:
असहमत. प्लग बसला म्हणजे काम झालं असं नाही. तिसऱ्या पिढीचा सुपरचार्जर 250 किलोवॅटचा, पण व्होल्टेज 500 च्या आसपास संपतं. ह्युंदाईची आयोनिक 5 किंवा कियाची ईव्ही6, यांची यंत्रणा 800 व्होल्टची. तिला मिळालेलं व्होल्टेज मोटर-इन्व्हर्टरमधून वाढवून घ्यावं लागतं आणि वेग पडतो. सीसीएस या, टेस्लाहून वेगळ्या प्लगच्या, योग्य चार्जरवर 10 वरून 80 टक्क्यांवर 18 मिनिटांत जाण्याचा कंपनीचा दावा असलेली गाडी इथे बराच जास्त वेळ जागा अडवते. मागे ताटकळतो तो, ज्याने या नेटवर्कच्या भरवशावरच टेस्ला घेतली. त्याच्या पैशातूनच हे चार्जर उभे राहिलेत ना?

आणि केबल! टेस्लाचं पोर्ट मागे डावीकडे, म्हणून केबल आखूड. तुमचं पोर्ट मागे उजवीकडे असेल तर शेजारची जागाही गेली.

किरणशलाका:
केबल आखूड असेल तर लांब करा, दार कशाला बंद करता? चौथ्या पिढीच्या चार्जरला टेस्लानेच लांब केबल दिली आहे. आणि जागा अडवण्याचं म्हणाल तर 80 टक्क्यांनंतर जवळपास प्रत्येक गाडीचा वेग उतरतो. तिथे 100 टक्क्यांची वाट बघत बसणारे सगळ्याच ब्रँडचे असतात. नियम वेळेवर लावा, ब्रँडवर नको.

जुनी_लीफ:
या भांडणात आम्ही चाडेमोवाले, म्हणजे लीफसारख्या गाड्यांचा जुना जपानी प्लग वापरणारे, कुठेच नाही. नव्या स्टेशनांवर आमची गन (केबलच्या टोकाचा प्लग) असलीच तर एक, आणि ती बंद असेल तर प्रवास तिथेच थांबला. साधा अडॅप्टर चालत नाही, कारण चाडेमो गाडीशी कॅन या वेगळ्या डेटा-तारांवरून बोलतो आणि सीसीएस पॉवर लाइन कम्युनिकेशन या दुसऱ्याच पद्धतीने. मधे इलेक्ट्रॉनिक्स लागतं. 'सगळ्यांना खुले' म्हणताना जुन्या गाड्या धरता की नाही, ते आधी सांगा.

रातराणी:
मला प्लगपेक्षा पैसे भरण्याचा जाच जास्त वाटतो. रात्री, पावसात, नवं ॲप उतरवून ओटीपीची वाट बघायची? युरोपीय संघाने 13 एप्रिल 2024 पासून 50 किलोवॅट आणि त्यावरच्या नव्या सार्वजनिक चार्जरवर बँक कार्डाने पैसे भरण्याची सोय सक्तीची केली. हे सगळीकडे व्हायला हवं.

विजेरी:
रातराणी, कार्डाला शंभर टक्के पाठिंबा. पण गाडी आणि चार्जर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले की संवाद मधेच तुटतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही, तेव्हा जबाबदार कोण? दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. एकाच कंपनीचं असेल तर निदान कुणाला धरायचं ते ठाऊक असतं. किरणशलाका, याचं उत्तर तुमच्याकडून हवंय.