‘इन्कॉर्पोरेट’ला मराठीत काय म्हणावं? मँचेस्टरची १८३८ची सनद

प्रश्न: ‘मँचेस्टर १८३८ मध्ये इन्कॉर्पोरेट झालं’ याचं मराठी ‘महानगरपालिका स्थापन झाली’ असं करावं का? आणि त्याआधीच्या ‘पोलीस कमिशनर’ना पोलीस आयुक्त म्हणावं का?

आयुक्त मुळीच नको, वाचक हमखास फसेल. १७९२ च्या कायद्याने नेमलेले हे कमिशनर फरसबंदी, दिवाबत्ती, झाडलोट आणि रात्रीचा पहारा बघत. १८१७ पासून गॅसचा कारखानाही तेच चालवत होते. ‘पोलीस’चा जुना अर्थ गावाची निगा असा व्यापक होता. म्हणून ‘नगरव्यवस्था मंडळाचे सदस्य’ म्हणा.

दुसरा अधिकार मॅनरचा, म्हणजे जमीनमालकाच्या परंपरागत हक्कांखालच्या इलाख्याचा. कापसाच्या गिरण्यांनी गजबजलेलं हे शहर कोर्ट लीट (मॅनरचं स्थानिक न्यायालय) आणि दरवर्षी नेमला जाणारा बरोरीव्ह (गावाचा प्रमुख अधिकारी) चालवत होता, आणि मॅनरचे मालक होते मोस्ले घराणं. मॅनरला ‘जहागीर’ म्हटलं तर चाकरीबद्दल मिळालेली देणगी वाटते. मोस्लेंनी मात्र हा मॅनर १५९६ मध्ये विकत घेतला होता. ‘मॅनर’च ठेवा. १८४६ मध्ये नगरपालिकेने हे हक्क २,००,००० पौंडांना घेतले, त्यावरून त्यांचं वजन लक्षात येतं.

आता मुख्य शब्द. ‘स्थापन झाली’ चूक नाही, पण कायद्याचा गाभा त्यात सुटतो. १८३५ च्या कायद्यानुसार घरमालक-भाडेकरू रहिवाशांनी अर्ज करायचा, प्रिव्ही कौन्सिलने (राजसत्तेच्या सल्लागार मंडळाने) चौकशी करायची आणि राजसत्तेने सनद द्यायची. त्या सनदेने मेयर, आल्डरमन (नगरसेवकांनी निवडलेले सदस्य) आणि नागरिक मिळून एकच कायदेशीर व्यक्ती बनते. तिला मालमत्ता घेता येते, दावा लावता येतो, तिची स्वतःची मोहोर असते. म्हणून लिहा : ‘२३ ऑक्टोबर १८३८ च्या सनदेने मँचेस्टर निगमित झालं.’

पुरवणी: ‘निगमित’ मान्य, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘सनद मिळून नगरपालिका झाली’ असंही जोडा, नाहीतर कंपनीच डोळ्यांपुढे येते. ‘महानगरपालिका’ टाळाच. मँचेस्टर तेव्हा ‘बरो’ (सनद मिळालेलं नगर) होतं, ‘सिटी’ हा दर्जा १८५३ चा. तो मानाचा, त्याने अधिकार वाढत नाहीत. थॉमस पॉटर हे पहिले मेयर. ‘महापौर’ चालेल, पण ‘लॉर्ड मेयर’ १८९३ पासूनचा, त्याचा फरक सांभाळा.

आल्डरमनला ‘ज्येष्ठ नगरसेवक’ लिहू नका. ४८ नगरसेवक मतदारांनी निवडायचे, त्यांनी १६ आल्डरमन निवडायचे, ते सहा वर्षांसाठी. नगरसेवकांची मुदत तीन वर्षं, दरवर्षी एक तृतीयांश निवृत्त.

सनद मिळताच कारभार हाती आला असंही लिहू नका. विरोधकांनी सनदेची वैधताच नाकारली, पैसा अडला. १८३९ मध्ये पोलीस दल सरकारने सर चार्ल्स शॉ यांच्या हाती दिलं. १८४२ च्या कायद्याने सनद पक्की झाली. इथे मात्र ‘पोलीस’ आजच्याच अर्थाने, आणि शॉ यांना ‘पोलीस आयुक्त’ म्हणणं अगदी बरोबर.